दंड रोमेलचा, जमीन काळ्या पाचवीची

दुसऱ्या महायुद्धातला जर्मन सेनापती एर्विन रोमेल फील्ड मार्शल झाला, म्हणजे त्या पदाच्या दंडाचा मानकरी झाला, तो २२ जून १९४२ रोजी. आदल्या दिवशी त्यानं लिबियातलं तोब्रुक हे बंदर घेतलं होतं, त्याचं हे बक्षीस. तोब्रुकभोवती तीस मैलांहून लांब मोर्चेबंदी होती. रोमेल ती आग्नेयेकडून फोडून आत शिरला. आणि २० जूनच्या पहाटे नेमक्या त्या आग्नेय कोपऱ्यात मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन बसली होती. पलटणीतलं तिचं नाव ‘काळी पाचवी’.

रोमेलच्या चरित्रांत ही बाब एखाद्या ओळीत उरकते. पुष्कळदा तीही नसते. आपल्याकडे तर युद्धकथांचे भोक्ते रोमेलवर तासभर बोलतील, त्याचे रणगाडे, त्याचा गॉगल, त्याची ‘डेझर्ट फॉक्स’ ही पदवी, सगळं त्यांना पाठ असतं. समोरच्या खंदकात सातारा-कोल्हापूर-रत्नागिरीकडचे गडी होते, याचा मात्र पत्ता नसतो. मीही त्याच गोतावळ्यात वाढलो. पदकांच्या याद्या वाचायचा नाद मला अजून आहे. फरक इतकाच, की आता पदक दिसलं की ते कुठल्या जमिनीवर मिळालं आणि त्या जमिनीवर आधी कोण होतं, हे शोधल्याशिवाय चैन पडत नाही.

रोमेलची यादी त्या दृष्टीनं वाचण्यासारखी आहे.

माणूस शिक्षकाच्या घरातला. जन्म १५ नोव्हेंबर १८९१, दक्षिण जर्मनीतल्या हायडेनहाइम गावचा. घराण्यात सेनापती नाहीत, जमीनदारी नाही, नावाआधी उमरावांचं ‘फॉन’ नाही. १९१० साली व्युर्टेम्बर्गच्या १२४व्या पायदळ रेजिमेंटमध्ये तो उमेदवार म्हणून लागला. पहिल्या महायुद्धाच्या पहिल्याच वर्षात जखमा आणि आयर्न क्रॉस दोन्ही पदरात पडले. १९१४ च्या सप्टेंबरमध्ये दुसऱ्या वर्गाचा, आणि १९१५ च्या जानेवारीतल्या कामगिरीबद्दल पहिल्या वर्गाचा. आयर्न क्रॉस हे मूळचं १८१३ मधलं, नेपोलियनशी लढताना प्रशियाच्या राजानं काढलेलं पदक. पहिल्या महायुद्धात त्याचा दुसरा वर्ग लाखांनी वाटला गेला. म्हणजे इथवर रोमेल चारचौघांसारखाच.

खरी गंमत १९१७ मधली आहे, आणि तिथं मला थोडं रेंगाळायचं आहे.

त्या ऑक्टोबरात आजच्या स्लोव्हेनियातल्या कोबारिड गावाच्या परिसरात जर्मन आणि ऑस्ट्रियन फौजांनी इटलीवर मोठा हल्ला चढवला. रोमेल तेव्हा व्युर्टेम्बर्ग पहाडी बटालियनमध्ये लेफ्टनंट होता, हाताखाली काही कंपन्या. सव्वादोन दिवस तो जवळजवळ न थांबता डोंगरांच्या धारेवरून पुढे सरकत राहिला. मागून वाटा अडवल्या, वरून खाली उतरला, गोंधळलेल्या इटालियन पलटणींना गाठून शस्त्रं खाली ठेवायला लावली. २६ ऑक्टोबरला माताजुर शिखर हाती आलं. हिशेब असा : सुमारे नऊ हजार युद्धकैदी, ८१ तोफा, स्वतःच्या बाजूचे मेलेले सहा.

सेनापती फॉन बेलोनं आधीच सांगून ठेवलं होतं की माताजुरवर पहिल्यांदा पोचणाऱ्या अधिकाऱ्याला ‘पूर ल मेरित’ मिळेल. निळ्या मीन्याचा हा क्रॉस म्हणजे प्रशियाचा सर्वोच्च लष्करी सन्मान. पण माताजुरचं पदक गेलं श्नीबर नावाच्या दुसऱ्याच एका लेफ्टनंटकडे. तो चढला होता शेजारच्या शिखरावर आणि त्याच्या वरिष्ठांनी कळवलं की माताजुर पडला. खात्री कोण करणार? त्याच लढाईत अलीकडच्या एका टेकडीसाठी फर्डिनांड श्योर्नर या बव्हेरियन लेफ्टनंटलाही तेच पदक मिळालं. रोमेल भडकला. त्यानं तक्रार केली आणि ती वरपर्यंत नेली. डिसेंबरात, पुढे लोंगारोने गावात आणखी हजारो कैदी धरल्यावर, त्याला आणि त्याच्या कमांडरला, दोघांनाही ‘पूर ल मेरित’ मिळालं.

छाती फोडून डोंगर चढणारा पंचविशीतला पोरगा, आणि त्याच्या मनाला लागलेली गोष्ट कोणती, तर माझं शिखर दुसऱ्याच्या नावावर चढलं. मला यात रोमेल पहिल्यांदा माणूस म्हणून दिसतो. आपल्याकडे सातबाऱ्यावर भावाचं नाव आधी लागलं म्हणून पिढ्यान् पिढ्या कोर्टात जाणारे लोक आहेत, त्यातलाच तो. हा हट्ट त्याच्यात शेवटपर्यंत राहिला. बातमी कोणाच्या नावावर लागते, फोटो कोणाचा निघतो, याकडे त्याचं बारीक लक्ष असे. आणि आपण केलेल्या कामाची नोंद वरच्या माणसाच्या मर्जीवर ठरते, हेही त्याला बहुधा तिथंच कळलं.

वरचा माणूस १९३४ साली भेटला. गोस्लार गावी हिटलर संचलन पाहायला आला, तेव्हा रोमेल तिथल्या बटालियनचा प्रमुख होता. १९३७ मध्ये पहिल्या युद्धातल्या अनुभवांवर त्यानं पुस्तक लिहिलं, ते हिटलरच्या पसंतीला उतरलं. १९३९ मध्ये पोलंडवरच्या मोहिमेत हिटलरच्या खास संरक्षक तुकडीचं काम रोमेलकडे होतं. त्यानंतर त्यानं रणगाडा डिव्हिजन मागितली. रणगाड्यांचा काडीचा अनुभव नसताना ती मिळाली. रोमेल नाझी पक्षाचा सभासद नव्हता, हे त्याचे चाहते हटकून सांगतात. खरं आहे. पण ऑगस्ट १९३९ मध्ये मेजर जनरल असलेला माणूस तीन वर्षांत फील्ड मार्शल होतो, तो काही नुसत्या गुणवत्तेच्या शिडीवरून नव्हे.

मे १९४० मध्ये त्याच्या सातव्या पान्झर डिव्हिजननं दिनांजवळ म्यूज नदी ओलांडली आणि मग इतक्या वेगानं फ्रान्स तुडवला की कधीकधी ती नेमकी कुठे आहे हे जर्मन मुख्यालयालाही कळेना. त्याच महिन्यात गळ्यात नाईट्स क्रॉस आला.

या नाईट्स क्रॉसविषयी थोडं सांगायला हवं. तो १ सप्टेंबर १९३९ रोजी, पोलंडवर चाल केली त्याच दिवशी, हिटलरनं काढला. जुन्या काळी राजघराण्यांची पदकं बहुतेक अधिकाऱ्यांपुरती असत. हा क्रॉस शिपायापासून सेनापतीपर्यंत कोणालाही मिळे आणि गळ्यात घालायचा असे. सुमारे सात हजारांहून अधिक लोकांना तो मिळाला. मग युद्ध लांबत गेलं तसतशा त्याला पायऱ्या लागत गेल्या. आधी ओकची पानं, मग पानांसह तलवारी, मग हिरे. हिऱ्यांपर्यंत २७ जण पोचले. शेवटी सोन्याच्या पानांचीही एक पायरी काढली, ती एका वैमानिकालाच मिळाली, १९४५ च्या पहिल्या दिवशी, जर्मनीची राखरांगोळी होत असताना. हरत जाणारं सैन्य पदकं जास्त देतं, असं मला वाटतं. जर्मन शिपायांनाही हे उमगलेलं होतं. क्रॉससाठी हपापलेला आणि त्यापायी माणसं मारून घेणारा अधिकारी दिसला की ते म्हणत, साहेबांचा घसा दुखतोय.

फेब्रुवारी १९४१ मध्ये रोमेल त्रिपोलीला उतरला. मार्चमध्ये ओकची पानं मिळाली. आणि इथून पुढे त्याच्या वाटेत आपली माणसं यायला लागतात.

काळी पाचवी या गोष्टीत दोनदा येते. पहिल्यांदा जून १९४१ मध्ये, हलफाया खिंडीत. इजिप्त आणि लिबियाच्या सरहद्दीवर समुद्राला लागून कडा आहे, तो चढून जाणारी ही वाट. इंग्रज टॉमी तिला हेलफायर पास म्हणत, नरकाग्नीची खिंड. चौथ्या हिंदी डिव्हिजनच्या अकराव्या ब्रिगेडला ती घ्यायची होती. वरून स्कॉटिश कॅमेरॉन हायलँडर्स, खालून किनाऱ्याच्या बाजूनं राजपुताना रायफल्स आणि आपली मराठा पलटण. खिंडीत ८८ मिलिमीटरच्या तोफा होत्या. मुळात विमानं पाडायला बनवलेल्या या तोफा रोमेलनं रणगाड्यांवर आडव्या लावल्या होत्या. सोबतीला येणारे रणगाडे एकामागून एक पेटले, पायदळ उघड्यावर पडलं, खिंड काही हाती आली नाही.

ती खिंड राखणारा कॅप्टन विल्हेल्म बाख हा नागरी आयुष्यात मानहाइमचा पाद्री. चालताना काठी घेणारा, हाताखालच्या पोरांशी बापासारखा वागणारा. त्या बचावाबद्दल त्याला जुलैमध्ये नाईट्स क्रॉस मिळाला. पुढच्या जानेवारीत रसद तुटल्यावर तो शरण आला आणि १९४२ संपायच्या आत कॅनडात कैदेतच वारला. बाखबद्दल मला राग नाही. पण त्याचा क्रॉस कशाचा, हे शब्दांत मांडायचं तर एक वाक्य असंही लिहावं लागेल : मराठ्यांना वर येऊ दिलं नाही याबद्दल.

दुसरी वेळ तोब्रुकची.

१९४१ मध्ये हेच तोब्रुक ऑस्ट्रेलियन सैन्यानं महिनोन् महिने लढवलं होतं. रोमेल तेव्हा डोकं आपटून थकला होता. त्यामुळे लंडनमध्ये समज असा, की तोब्रुक म्हणजे अभेद्य किल्ला. प्रत्यक्षात वर्षभरात त्या किल्ल्याचा नुसता सांगाडा उरला होता. रणगाडे अडवायचा चर जागोजागी वाळूनं भरला होता. पेरलेले सुरुंग उकरून पश्चिमेच्या गझाला रेषेवर नेले होते. मे अखेर सुरू झालेली गझालाची लढाई इंग्रज हरले, त्यांची आठवी आर्मी इजिप्तकडे सरकली आणि तोब्रुक दक्षिण आफ्रिकेच्या जनरल क्लॉपरच्या गळ्यात घालून मोकळी झाली. आग्नेय बाजू अकराव्या हिंदी ब्रिगेडकडे : कॅमेरॉन हायलँडर्स, गुरखा आणि मराठा.

रोमेलनं इथून घुसायचा बेत १९४१ च्या नोव्हेंबरातच आखला होता, पण तेव्हा इंग्रजांनी आधी हल्ला केल्यानं तो बारगळला. आता त्यानं तोच कागद पुन्हा उघडला. तेव्हा या भागात साठवून ठेवलेला तोफगोळ्यांचा साठाही त्याच्या लोकांना जागच्या जागी सापडला.

२० जूनला सकाळी सव्वापाचनंतर स्टुका विमानं आली. क्रीट बेटावरूनही विमानं मागवली होती. जर्मनांकडे त्या आघाडीवर जेवढं म्हणून उडणारं होतं, ते सगळं एका बटालियनच्या हद्दीवर ओतलं गेलं. पाठोपाठ तोफा, मग चरावर पूल टाकणारे सॅपर, मग पायदळ, मग रणगाडे. साडेआठच्या सुमारास रणगाडे चर ओलांडून आत आले. मदतीला यायचे ते ब्रिटिश रणगाडे उशिरा आले आणि तुकड्यातुकड्यांनी आले. संध्याकाळी जर्मन बंदरात होते. २१ तारखेला सकाळी क्लॉपरनं शरणागती दिली. सुमारे ३३ हजार माणसं कैद झाली, त्यांत हिंदी अडीच हजारांच्या आसपास. गुरखे आणि कॅमेरॉनवाले शरणागतीनंतरही काही वेळ लढत राहिले, म्हणून त्यांची नोंद इतिहासात जरा ठळक आहे. काळी पाचवी पहिल्या तडाख्यातच चिरडली गेली. लढाईच्या गोष्टीत अशांच्या वाट्याला फारसं काही येत नाही. ज्यांच्यावर सगळा भार पडला, त्यांच्यातलं सांगायला कोण उरणार?

चर्चिलला ही बातमी वॉशिंग्टनमध्ये, रूझवेल्टच्या समोर कळली. अवघ्या पाच महिन्यांपूर्वी त्यानंच पार्लमेंटमध्ये रोमेलला थोर सेनापती म्हटलं होतं. शत्रूच्या सेनापतीची अशी जाहीर तारीफ हे मोठ्या मनाचं लक्षण आहेच, पण त्यात सोयही असते. समोरचा असामान्य ठरला की आपल्या हाराकिरीला जरा बरं कारण मिळतं.

आणि रोमेल? फील्ड मार्शल झाल्यावर त्यानं बायकोला लिहिलं, की यापेक्षा आणखी एक डिव्हिजन दिली असती तर बरं झालं असतं. फील्ड मार्शलपदाची खूण असलेला, मखमल आणि सोन्याचा तो दंड ३० सप्टेंबरला बर्लिनमध्ये हिटलरच्या हातून मिळाला. महिन्याभराच्या आत अल्-अलामेनची दुसरी, मोठी लढाई सुरू झाली आणि माघार इजिप्तपासून ट्युनिशियापर्यंत चालली. हिरे मिळाले ११ मार्च १९४३ रोजी. तेव्हा तो आफ्रिकेतून कायमचा परत बोलावला गेला होता आणि ही परत बोलावणी गुप्त ठेवायची म्हणून पदकाचाही गाजावाजा काही काळ झाला नाही. यादीतली सगळ्यात चमकदार ओळ ही अशी. उरलेली फौज मे महिन्यात शरण आली. तिचा सेनापती फॉन आर्निम ज्यांच्या हाती लागला, ती होती चौथी हिंदी डिव्हिजन. यादी वाचताना अशी एखादी जागा आली की बरं वाटतं, हे लपवत नाही.

इटलीनंही रोमेलला मानसन्मान दिले. १९१७ मध्ये ज्या इटलीचे नऊ हजार शिपाई धरून त्यानं निळा क्रॉस मिळवला, तीच ही इटली. आफ्रिकेत त्याच्या फौजेचा मोठा भाग इटालियन होता, आणि पराभव झाला की दोष देण्यासाठीही तेच हाताशी असत.

कैद झालेल्या हिंदी शिपायांना दंड नाही की हिरे नाहीत. बेंगाझीकडे तारेच्या कुंपणात, उन्हात, पाण्यासाठी रांगा. मग जहाजांच्या पोटात घालून इटलीला. ऑक्टोबर १९४२ मध्ये ‘लोरेतो’ नावाचं असंच एक जहाज सिसिलीजवळ ब्रिटिश पाणबुडीनं बुडवलं. आत हिंदी युद्धकैदी होते. शंभराहून अधिक हिंदी कैदी आपल्याच बाजूच्या टॉर्पेडोनं मेले. कोणत्या पदकाच्या मानपत्रात हे बसवायचं?

काहींनी वेगळी वाट धरली. सुभाषबाबू बर्लिनमध्ये होते, आणि आफ्रिकेत पकडलेल्या हिंदी सैनिकांतून त्यांनी आझाद हिंद लीजन उभी केली. पुढे ती अटलांटिक किनाऱ्यावर फ्रान्समध्ये नेमली गेली. फेब्रुवारी १९४४ मधला एक फोटो आहे : किनाऱ्याची पाहणी करायला आलेला रोमेल आणि त्याच्यासमोर फेटे बांधलेले हिंदी शिपाई. दोन-तीन वर्षांपूर्वी आफ्रिकेत ज्याच्या फौजेनं त्यांच्यातल्या अनेकांना पकडलं, तोच आता त्यांची पाहणी करतोय. रोमेलच्या गळ्यात हिरे आहेत. त्या शिपायांच्या चेहऱ्यावरून मला काहीच वाचता येत नाही, आणि त्यांच्या निष्ठेचा निवाडा आरामखुर्चीतून करायची माझी इच्छाही नाही.

‘सभ्य शत्रू’ या रोमेलच्या प्रतिमेवर मात्र बोलायला हवं, कारण आपल्याकडे ती फार घट्ट आहे. वाळवंटात त्यानं युद्धकैद्यांशी बहुतांशी नियमानं वागणूक ठेवली, हे मान्य. पण १९४२ च्या उन्हाळ्यात वाल्टर राउफ या एसएस (नाझी पक्षाचं सशस्त्र दल) अधिकाऱ्याची एक छोटी तुकडी अथेन्समध्ये येऊन थांबली होती. माणसं आत कोंडून विषारी धुरानं मारायच्या गाड्यांशी नाव जोडलेला हा माणूस. रोमेल कैरोच्या पुढे पॅलेस्टाइनपर्यंत पोचला की त्याच्या फौजेमागून जाऊन तिथल्या ज्यूंची कत्तल करायची, हे तिचं काम. राउफ जुलैमध्ये तोब्रुकला येऊन गेलासुद्धा. रोमेल अल्-अलामेनला अडला म्हणून ते टळलं. तेव्हा वाळवंटातलं ते ‘स्वच्छ युद्ध’ जिंकलं असतं तर त्याच्या मागून काय आलं असतं, हा प्रश्न त्या हिऱ्यांशी जोडूनच विचारला पाहिजे.

शेवट सगळ्यांना माहीत आहे. हिटलरला मारण्याच्या २० जुलै १९४४ च्या कटाशी संबंधाचा संशय, १४ ऑक्टोबरला हेरलिंगेनच्या घरी आलेले दोन जनरल, खटला की विष हा पर्याय, गाडीत घेतलेलं सायनाइड. चार दिवसांनी उल्म इथं सरकारी इतमामात अंत्ययात्रा. शवपेटीवर स्वस्तिकाचा झेंडा आणि त्यावर शिरस्त्राण, तलवार आणि तोब्रुकचा तो दंड. ज्यानं मारलं त्यानंच हा थाट केला.

युद्धानंतर पश्चिम जर्मनीत प्रश्न आला, की या पदकांचं करायचं काय. १९५७ च्या कायद्यानं तोड काढली : पदक घालता येईल, स्वस्तिक काढून. नाईट्स क्रॉसच्या मधोमध स्वस्तिकाच्या जागी ओकची तीन पानं आली. बाकी सगळं तसंच. सरकारी कामात अशी हातचलाखी आपल्याला नवी नाही. रोमेलच्या नावानं बराकी झाल्या, एक युद्धनौकाही झाली. हायडेनहाइममध्ये १९६१ साली स्मारक उभं राहिलं आणि त्यावरून वाद सुरू झाला, तो अजून धुमसतो आहे. २०२० मध्ये गावानं स्मारक न पाडता त्याच्यासमोर एक आकृती उभी केली : सुरुंगानं पाय गेलेल्या माणसाची. अल्-अलामेनला रोमेलच्या हुकमावरून जवळपास पाच लाख सुरुंग पेरले गेले होते. जर्मन त्या पट्ट्यांना सैतानाच्या बागा म्हणत. इंग्रजांनी पेरले ते वेगळेच. युद्ध संपल्यावरही इजिप्तमधल्या भटक्या बेदुइन लोकांचे पाय त्या सुरुंगांनी जात राहिले.

इथं खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचा सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्र सिंग भगत आठवतो. १९४१ च्या सुरुवातीला पूर्व आफ्रिकेत इटालियनांचा पाठलाग चालू असताना चार दिवसांत ५५ मैल रस्त्यावरचे १५ सुरुंगपट्टे त्यानं काढले. गाडी दोनदा उडाली, कान फुटला, तरी दुसऱ्याला काम द्यायला तयार नाही. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. या एका पदकाच्या जमिनीवर आधी कोण होतं, हे मी शोधत बसत नाही. नंतर तिथून कोण सुखरूप गेलं, याचा विचार करतो.

आमच्या सातारा भागात आणि खाली कोकणात बऱ्याच गावांत देवळाच्या किंवा चावडीच्या भिंतीत संगमरवरी पाटी असते. या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. नुसते आकडे, नावं नाहीत. दुसऱ्या युद्धाच्या तर अशा पाट्याही क्वचितच दिसतात. माणगावात यशवंत घाडगेंचा पुतळा आहे, त्यांना इटलीत मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला म्हणून. ते तिसऱ्या बटालियनचे. काळी पाचवी तोब्रुकला अख्खी गेली आणि नंतर पुन्हा उभी करावी लागली. तिच्या त्या सकाळचा पुतळा कुठे असायचं कारणच नाही, हरलेल्या सकाळीचे पुतळे होत नाहीत.

आफ्रिका स्टार मात्र मिळाला. सहा टोकांचा, पिवळट धातूचा, वाळूच्या रंगाच्या फितीवर लाल, गडद निळा आणि फिका निळा पट्टा. १० जून १९४० ते १२ मे १९४३ या काळात उत्तर आफ्रिकेत एक दिवस जरी नोकरीवर असलात तरी तो मिळे. सेनापतीला तोच, स्वयंपाक्याला तोच आणि २० जूनला त्या चराच्या काठावर बसलेल्यालाही तोच. शौर्याची प्रत लावायची भानगड त्यात नाही, आणि शिखर कोणाच्या नावावर चढलं हा तंटाही नाही. तुम्ही तिथं होतात, एवढंच तो म्हणतो. रोमेलच्या लांबलचक यादीपेक्षा मला हल्ली हे पदक जास्त खरं बोलणारं वाटतं.